सात ते सात, दारावर

पहाटे ४.५०

बेंगळुरूतल्या मुन्नेकोळालमधली तिसऱ्या मजल्यावरची खोली. दहा बाय बारा. तिघं राहतात, भाडं ९,००० रुपये. तिघांचंही काम एकच, दारावर उभं राहण्याचं. एक रायचूरचा, तो दवाखान्याच्या पार्किंगवर. दुसरा ओडिशाचा, शाळेच्या गेटवर. तिसरे अण्णा, एका दर्शिनी, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलच्या दारावर. अण्णा खानापूर तालुक्यातले, वय ४३. गावी दीड एकर भातशेती, बायको आणि दहावीतली मुलगी. हॉटेलात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही.

पाणी एक दिवसाआड येतं. आज यायचा दिवस. बादल्या, पिंप, तेलाचा रिकामा डबा, सगळं नळाखाली लागतं. तोवर कुकरच्या शिट्ट्या होतात. भात आणि गावाकडून आणलेल्या मसुरीची आमटी. तिघांचे तीन डबे.

५.४५

निळा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, कमरेला पट्टा. दोन जोड युनिफॉर्मचे १,८०० रुपये एजन्सीनं पहिल्या तीन पगारांतून कापले. बूट स्वतःचे. पगार १७,५०० लागतो. पीएफ, ईएसआय जाऊन हातात १५,२०० पडतात. काम रोज १२ तास. सुट्टी घेतली की त्या दिवसाची हजेरी जाते. महिन्याच्या सात तारखेला ९,००० गावी जातात. उरलेल्यात भाडं, रेशन, मोबाइलचं रिचार्ज.

बाहेर पाऊस बारीक आहे, पण थांबणारा नाही. अण्णा छत्री घेत नाहीत. दारावर दोन्ही हात मोकळे लागतात. १५० रुपयांचा प्लास्टिकचा रेनकोट घालतात आणि चालत निघतात. बसचे पैसे वाचतात.

६.३०

आयटीपीएल रस्ता. रामेश्वरम कॅफेवरून पुढे जावं लागतं. एवढ्या सकाळीही आत उजेड, तुपाचा वास, दारात माणसं. अण्णांचं हॉटेल याच रस्त्यावर अजून पुढे आहे. ते या कॅफेत कधी गेलेले नाहीत. पण ही नोकरी त्यांना या कॅफेमुळेच लागली. मार्च २०२४ पर्यंत ते एका बांधकामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. त्या महिन्यात कॅफेत बॉम्बस्फोट झाला, त्यानंतर या रस्त्यावरची हॉटेलं गार्ड मागायला लागली. एजन्सीनं बोलावलं, दोन दिवस शिकवलं आणि उभं केलं.

२००५ च्या कायद्याप्रमाणे खासगी सुरक्षारक्षकाचं प्रशिक्षण १६० तासांचं हवं. १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष कामावर.

७.००

रात्रीचा गार्ड वही पुढे करतो. सही, वेळ. मग दोघं मिळून फेरी मारतात. हात धुण्याच्या बेसिनखाली टॉर्च. उभ्या टेबलांच्या खालून हात. कुंड्यांच्या मागे. संडासाच्या फ्लशचं झाकण उचलून. मागच्या बाजूला जाळीत ठेवलेले गॅसचे सिलिंडर, प्रत्येकाला चक्कर. बेसिनजवळचा कचऱ्याचा झाकणाचा डबा दीड वर्षापूर्वी गेला. आता लोखंडी कडीला पारदर्शक पिशवी लावलेली असते. आत काय पडलंय ते लांबून दिसतं.

फेरीला अकरा-बारा मिनिटं जातात. एवढ्यात तवा तापलेला असतो.

७.४०

पहिली गर्दी. रात्रपाळी संपवून आलेली कॉल सेंटरची पोरं, टॅक्सीवाले, फिरायला निघालेले निवृत्त गृहस्थ, पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलाला इडली भरवायला आलेली आई. दोन इडल्या ४५ रुपये, कॉफी २०. दारावर मेटल डिटेक्टरची चौकट आहे आणि अण्णांच्या उजव्या हातात दांड्याचं मशीन.

"बॅग ओपन माडी सर."

हे वाक्य अण्णा दिवसभर म्हणतात. आवाज चढवत नाहीत आणि पाडतही नाहीत.

मशीन पूर्वी पीं पीं वाजायचं. गिऱ्हाइकं वैतागली, तेव्हा मॅनेजरनं बटण फिरवून ते थरथरण्यावर ठेवायला लावलं. आता ते फक्त अण्णांच्या मुठीत थरथरतं. थरथरतं मात्र प्रत्येकाला.

"सगळ्यांना वाजतंय ओ ते," अण्णा सांगतात. "लॅपटॉप हाय, स्टीलचा डबा हाय, किल्ल्या हाईत. लोखंड कुणाकडं नाही सांगा बगू?"

म्हणून खरं काम डाव्या हाताचं. मी तासभर शेजारी उभा राहून तेच बघत होतो. उजव्या हातातलं मशीन बॅगेवरून फिरतं तेव्हा डावा तळवा बॅगेच्या बुडाखाली जातो आणि बॅग दोन बोटं वर उचलतो. गिऱ्हाइकाला वाटतं, चेन उघडायला मदत करतायत. अण्णा वजन बघत असतात. लॅपटॉप पाठीला चिकटून सपाट बसतो. डबा एका कोपऱ्यात असतो आणि हलतो. पाण्याची बाटली बाजूला ओढते. पुस्तकं सगळीकडून सारखी जड. यापेक्षा वेगळं काही तळव्याला लागलं, की ते म्हणतात, "सर, खालचा कप्पा."

ही जाण बेळगावच्या उद्यमबागेतली आहे. तिथल्या फौंड्रीत त्यांनी १५ वर्षं काढली. साच्यात लोखंड ओतायचं, थंड झालं की माल काढायचा, हातात घेऊन बघायचा. आत पोकळी राहिली असेल तर वजनाला कमी लागतो. पुढे ऑर्डरी घटल्या, माणसं कमी झाली, तेव्हा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून ते बेंगळुरूला आले. हात बरोबर आला.

पावसात हे काम अवघड होतं. प्रत्येक बॅगेवर प्लास्टिकचं कव्हर, ते काढायला माणूस कुरकुरतो. एकाला सात-आठ सेकंद, एवढंच परवडतं. जास्त लागले की रांग फुटपाथवर जाते आणि मॅनेजर काचेतून हात करतो.

९.५०

गर्दी ओसरते. फुकटच्या दोन कॉफ्यांतली पहिली. अण्णा ती उभ्यानंच घेतात, रस्त्याकडे तोंड करून.

१०.३०

पोलिसांची होयसळा गाडी थांबते. हवालदार उतरतो, कॅमेरे चालू आहेत का विचारतो, स्क्रीनवर नजर टाकतो, कॉफी पितो. कर्नाटकात २०१७ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे. जिथं एका वेळी १०० माणसं किंवा दिवसाला ५०० माणसं येतात, तिथं कॅमेरे लावायचे आणि चित्रण ३० दिवस जपायचं. हॉटेलात आठ कॅमेरे आहेत. त्यातला बेसिनवरचा सर्वांत नवा, मार्च २०२४ नंतरचा.

हवालदार अण्णांना नावानं ओळखतो. "एनादरू?" विचारतो, म्हणजे काही विशेष? अण्णा मान हलवतात. काही नाही.

१२.५५

रांग रस्त्यापर्यंत गेलेली. सगळ्या कंपन्यांचं जेवण याच वेळेला सुटतं. डिलिव्हरीची पोरं त्यांच्या चौकोनी पेट्या घेऊन बाजूच्या खिडकीशी. तव्यावर एका वेळी बारा डोसे. कुपनाच्या नंबरांचा पुकारा. माणसाला माणूस लागून.

१ मार्च २०२४ च्या शुक्रवारी रामेश्वरम कॅफेत याच सुमाराला अशीच गर्दी होती. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क लावलेला एक माणूस त्याआधीच आला होता. रवा इडलीचं कुपन घेतलं. बॅग हात धुण्याच्या जागेजवळ ठेवली आणि निघून गेला. आत टायमर लावलेला बॉम्ब होता. फुटला तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, सिलिंडर फुटला. दहाच्या आसपास माणसं जखमी झाली. कुणी दगावलं नाही. दोन दिवसांत तपास एनआयएकडे गेला. रस्त्यावरच्या, दुकानांवरच्या, बसमधल्या कॅमेऱ्यांतून त्या टोपीचा माग काढला गेला. १२ एप्रिलला पश्चिम बंगालमधून दोघांना पकडलं. कॅफे त्याआधीच, आठवडाभरात पुन्हा उघडला होता. दारात मेटल डिटेक्टर होता आणि त्याच्यापुढे रांग.

या शहराला हे नवं नाही. २५ जुलै २००८, तोही शुक्रवार, तीही दुपार. एकामागून एक स्फोट, मडिवाळाच्या बस थांब्यावर एका बाईचा जीव गेला. १७ एप्रिल २०१०, चिन्नास्वामी स्टेडियमच्या भिंतीबाहेर मॅच सुरू होण्याआधी. मॅच तासभर उशिरानं का होईना, झाली. त्याच तारखेला २०१३ मध्ये मल्लेश्वरम. २८ डिसेंबर २०१४, चर्च स्ट्रीटचा फुटपाथ, तिथंही एक बाई गेली. आणि आपल्या पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ची जर्मन बेकरी. टेबलाखाली ठेवलेली एक बॅग, १७ माणसं. खायला, बसची वाट बघायला, मॅच बघायला आलेली माणसं. जिथं कुणी कुणाला नाव विचारत नाही अशाच जागा.

अण्णांना यातल्या तारखा ठाऊक नाहीत. त्यांना कॅफेच्या बातमीतलं एवढंच लक्षात राहिलंय की त्या बॉम्बमध्ये नट-बोल्ट भरले होते. "नट-बोल्ट आम्ही पोत्यानं बगितलेत," ते म्हणतात. "कामाला येतंय ते. माणसाच्या अंगात घुसवायला कुणी करत नव्हतं."

बोलताना हात थांबलेला नाही. डावा तळवा बुडाला, दोन बोटं वर, खाली. पुढचा.

१.५०

शुक्रवारची नमाज सुटते. जवळच्या मशिदीतून टॅक्सीवाले, गॅरेजवाले, कंपन्यांतली पोरं डोसा खायला येतात. त्यात एक वयस्क टॅक्सीवाले, पांढरी दाढी, गोल टोपी. रोजचे. अण्णा त्यांना चाचा म्हणतात.

चाचा रांगेत चार माणसं मागे असतानाच बॅग खांद्यावरून उतरवतात. मोठी चेन उघडतात. मग मधली. मग बाजूचे दोन्ही कप्पे. मग आतली छोटी पिशवी बाहेर काढून तीही उघडून धरतात. गोळ्यांची पाकिटं, चष्म्याचं घर, टॅक्सीच्या कागदांची फाइल, डब्यातली अर्धी चपाती. दोन्ही हातांवर सगळं पसरून उभे राहतात. रांगेत दुसरं कुणीच असं करत नाही.

"चाचा, इतना नक्को," अण्णा म्हणतात. "ऊपर की चेन बस."

"देख लो बेटा, देख लो."

अण्णा बघतात. इतरांचं बघतात तेवढंच. बुडाला हात, वरची चेन, झालं. मागे गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आहे. तो हळू आवाजात म्हणतो, "इनका ठीक से चेक करना."

"सबका ठीकसेच करता सर. आपका दिखाइए."

तरुणाची बॅग. बुडाला हात. मशीन. वरची चेन. सात सेकंद. चाचांना लागले तेवढेच. तरुण काही बोलत नाही, आत जातो. चाचा कुपनाच्या खिडकीशी आहेत. त्यांनी ऐकलं की नाही, कळत नाही. बॅगेच्या चेना मात्र ते अजून एक-एक करून लावतायत.

नंतर मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तोंड बगून सोडायचं म्हटलं तर निम्मी सोडली पायजेत. आणि ज्याला करायचंय तो काय दाढी लावून येतोय? टोपी-मास्क लावून आला होता की. माझ्यासारखा, तुमच्यासारखा." थोडं थांबून, "त्या चाचाला दोन मुली हाईत. एकीचं लगीन झालंय मागच्या महिन्यात. लाडू दिलेत मला."

दिवसभरात मी त्यांना जे जे करताना बघितलं, त्यात हे सर्वांत कष्टाचं वाटलं. हात थकलेला असताना, रांग लांबलेली असताना, प्रत्येकाला सारखेच सात सेकंद द्यायचे. कुणाला कमी नाहीत, कुणाला जास्त नाहीत.

३.१५

डबा. मागच्या बाजूला उलट्या क्रेटवर बसून. १५ मिनिटांची सुट्टी, तोवर दारावर किचनमधला पोरगा. दुपारी सव्वातीनला अण्णा पहिल्यांदा बसले.

पोटऱ्या दाबत त्यांनी खोलीतल्या ओडिया सोबत्याची गोष्ट सांगितली. १ डिसेंबर २०२३ ची. त्या सकाळी बेंगळुरूतल्या आणि आसपासच्या साठाहून जास्त शाळांना बॉम्बच्या धमकीचा ई-मेल आला. याच्या शाळेतही धावपळ. वर्ग रिकामे, मुलं मैदानात, गेटवर रडणारे आईबाप. कुणाचं मूल कोण घेऊन जातंय, हे त्यानं एकट्यानं वहीत लिहिलं. दुपारपर्यंत पाणी प्यायला नाही. सगळं खोटं निघालं. संध्याकाळी एका आईनं गेटवर येऊन त्याच्याशी भांडण काढलं, की तिला आत का सोडलं नाही. त्याला अजून कळत नाही की आपलं चुकलं कुठं. माझ्या मते कुठंच नाही.

४.३८

"यार्दु ब्यागु?"

कुणाची बॅग? टेबलं पुसणाऱ्या बाईंचा आवाज. कलबुर्गीकडच्या आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात. हातात फडका, नजर बेसिनखालच्या हुककडे. तिथं काळी बॅग लटकतेय. आजूबाजूला कुणी नाही.

"यार्दु ब्यागु?" दुसऱ्यांदा, मोठ्यानं. आत तीसेक माणसं. सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढचं सगळं न बोलता होतं. अक्का मागे सरकतात, बॅगेला हात लावत नाहीत. अण्णा दारावरची साखळी लावून आत येणारे थांबवतात आणि बाहेर जायची बाजू मोकळी करतात. किचनमधला पोरगा मागे पळत जाऊन गॅसचा मेन कॉक बंद करतो. मॅनेजर ११२ लावतात, तेही काउंटरवरून नाही, रस्त्यावर येऊन. माणसं बाहेर येतात, काहींच्या हातात प्लेट. एकजण मोबाइल काढून चित्रण करायला लागतो. अण्णा त्याला खांद्याला धरून रस्त्यापलीकडे नेतात. पाऊस चालूच आहे.

ती बॅग आत सोडताना अण्णांनीच तपासलेली असणार. मी तसं म्हणालो. "म्हणून काय झालं? आत गेल्यावर काय घातलं कुणाला ठाव," ते म्हणाले. नजर काचेवर.

कॅमेऱ्याचं चित्र मॅनेजरच्या मोबाइलवरही दिसतं. मागे सरकवलं. ४.२१ ला लाल रेनकोटातल्या एका पोरानं बॅग हुकला लावली, हात धुतले, मोबाइल कानाला लावला आणि चालता झाला. अण्णांनी चित्र जवळ घेऊन बघितलं.

"रोजचा हाय हा. समोरच्या पीजीतला. रवा डोसा, चटणी जास्त."

किचनमधला पोरगा पीजीकडे पळाला. होयसळा आली तेव्हाच लाल रेनकोटही आला, धापा टाकत. हवालदारानं त्याला एकट्याला आत नेलं, लांब उभं राहून बॅग उघडायला लावली. चेन त्याच्या बोटांतून दोनदा निसटली. लॅपटॉप, चार्जर, अर्धा बिस्किटाचा पुडा, प्लास्टिकच्या फाइलमध्ये नोकरीचं पत्र. सोमवारी रुजू व्हायचं होतं. फोन घरून आला होता, बोलता बोलता विसरला.

हवालदार त्याला पाच मिनिटं बोलला. नाव, नंबर लिहून घेतला. पोरगा सगळ्यांची माफी मागत होता, डोसेवाल्याचीही.

एकूण १९ मिनिटं. तव्यावरचे सहा डोसे जळले. ज्यांचं खाणं अर्धवट राहिलं त्यांना मॅनेजरनं नवीन प्लेटा दिल्या. गल्ल्यात साधारण १,१०० रुपयांचा फटका. मॅनेजरनं अक्कांना १०० रुपये काढून दिले. त्यांनी ते कमरेच्या पिशवीत घातले, फडका पिळला आणि हुकच्या बाजूचं टेबल पुसायला घेतलं.

अण्णांनी वहीत लिहिलं. तारीख, ४.३८, काळी बॅग, बेसिन, मालक सापडला. कन्नडमध्ये लिहितात, सावकाश, अक्षर मोठं.

६.००

संध्याकाळची गर्दी. डाव्या मनगटाला आता तेल लावायला हवं, असं ते म्हणतात. मशीनचा दिवा मंद झालाय. आत चौकोनी बॅटरी असते, ९ व्होल्टची. साधी ४० रुपयांना मिळते, आठवड्यात उतरते. चांगली अडीचशेला, ती महिना ओढते. अण्णांनी पलीकडच्या दुकानातून चांगली आणली, स्वतःच्या पैशांनी, पावती घेऊन.

७.००

रात्रीचा गार्ड आला. पुन्हा फेरी, टॉर्च, बेसिन, कुंड्या, सिलिंडर, सही. वहीत नाही ते तोंडी: डिलिव्हरीचा एक पोरगा आज नवीन आहे, पिवळ्या हेल्मेटचा, त्याची पेटी बघून घे. चाचा नऊला कॉफीला येतील, त्यांना पूर्ण बॅग उघडायला लावू नको.

७.१५

एजन्सीचा सुपरवायझर मोटरसायकलवर. हजेरी बघितली, ४.३८ ची नोंद वाचली, बरं म्हणाला. मग मुद्द्यावर आला. व्हाइटफील्डकडच्या एका मॉलला दारावर माणूस हवाय. महिन्याला १,२०० जास्त. सोमवारपासून.

अण्णांनी तिथं एकदा बदली ड्यूटी केली आहे. "दिवसभर माणसंच माणसं, पण एक तोंड दुसऱ्यांदा दिसत नाही," ते म्हणाले. "हितं निम्मी ओळखीची हाईत. कोण नवीन ते कळतंय. तिथं सगळेच नवीन. बगायचं कुणाकडं?"

सुपरवायझर म्हणाला, तिथं स्कॅनिंगचं मोठं मशीन आहे, तुम्हाला फक्त उभं राहायचंय.

वर्षाचे १४,४००. मुलीची दहावी यंदा. पुढं बेळगावला कॉलेज म्हणजे बसचा पास, क्लास, पुस्तकं. अण्णांनी हिशेब बोटांवर केला, ओठ हलवत. मग बॅटरीची पावती पुढे केली. २५० रुपये.

"हे पुढच्या पगारात बघतो," सुपरवायझर म्हणाला. "मॉलचं काय?"

"रविवारी सांगतो. घरात विचारतो."

"रविवार नाही. उद्या दुपारपर्यंत. दुसरा माणूस तयार आहे." त्यानं पावती खिशात घातली आणि किक मारली.